असेल तर राहू दे

ऑफिसात सगळे त्यांना वन्सं म्हणायचे. अगदी साहेबसुद्धा. आता तुम्ही म्हणाल, एवढ्या मोठ्या कंपनीत अख्खं ऑफिस एका बाईला नवऱ्याच्या बहिणीचं नातं कसं काय लावतं? त्याला कारण त्यांची भावजय. धाकट्या भावाची बायको. नोकरीला लागली त्याच दिवशी भर मीटिंगमध्ये ती बोलून गेली, "वन्सं, ही फाइल कुठे ठेवू?" आणि झालं! लोक हसून हसून लोळायचे बाकी राहिले. सोळा वर्षं ज्यांना 'मॅडम' म्हणत सगळे चळाचळा कापायचे, त्या एका दुपारीत साऱ्या ऑफिसच्या वन्सं होऊन बसल्या. तिथे त्याही हसल्या. घरी आल्यावर मात्र भावजयीला म्हणाल्या, "माझी शोभा करायला नाही आणलेलं तुला."

आपणही त्यांना वन्संच म्हणू. मान द्यावासा वाटतो म्हणून नव्हे, सवय झाली म्हणून.

कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. लहान मुलांच्या दवाखान्यांसाठी. नर्सने बाळाचं वजन टाकायचं, औषध निवडायचं, की किती द्यायचं ते पडद्यावर येतं. पण प्रोग्रामला स्वतःची अक्कल नसते हो. सगळे आकडे एका फाइलीत असतात, तिला म्हणायचे मात्रांची फाइल. प्रोग्राम तिच्यात बघणार आणि तिथे जे असेल ते नर्सला सांगणार. तर हा प्रोग्राम, ती मात्रांची फाइल, दवाखान्याच्या स्वतःच्या नोंदींची एक फाइल, चित्रं, छपाईचे नमुने, अशा एकूण चारशे बारा फायली एका गठ्ठ्यात बांधून त्याचा इन्स्टॉलर करायचा, हे वन्संचं काम. दवाखान्याने तो उतरवून घ्यायचा, 'पुढे, पुढे, पुढे' करत बटणं दाबायची, की जी ती फाइल आपापल्या जागी जाऊन बसते.

ऐकायला सोपं वाटतं. एक फाइल गठ्ठ्यातून सांडली की कळतं सोपं आहे का ते. वन्संच्या हातून एकोणीस वर्षांत एकही सांडली नाही. हे त्या येताजाता सांगायच्या आणि कामाच्या बाबतीत नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत.

सांडली नव्हती, पण एकदा भलतंच झालं होतं. आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. एका मोठ्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी आपल्या नोंदींच्या फाइलीत दोन वर्षं खपून ओळी भरल्या होत्या. वन्संचा नवीन इन्स्टॉलर तिथे गेला आणि त्याने त्या फाइलीवर कोरी फाइल ठेवून दिली. दोन वर्षांचं काम गेलं वाऱ्यावर. साहेब तीस माणसांदेखत वन्संना म्हणाले, "यापेक्षा घरी भांडी घासा, तिथे तुटलं तरी एकच तुटेल." वन्सं जागेवर जाऊन बसल्या आणि इन्स्टॉलरच्या यादीत त्या फाइलीपुढे एक खूण केली. 'असेल तर राहू दे.' म्हणजे त्या नावाची फाइल दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर आधीच असली, तर इन्स्टॉलरने तिला हात लावायचा नाही.

एवढं पुरलं असतं. पण तो अपमान असा झोंबला होता, की त्यांनी शेजारच्या फाइलीपुढेही तीच खूण केली, तिच्या खालच्या फाइलीपुढेही, आणि सरसकट आकड्यांच्या सगळ्या फायलींपुढे केली. त्यात मात्रांची फाइलही आली. कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कुणाला? साहेबांना त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. आणि त्या खुणेने काही बिघडलंही नाही, कारण मात्रांची फाइल दर वर्षी नव्या नावाने यायची. मात्रा-नऊ, मात्रा-दहा, मात्रा-अकरा. नाव नवीन, म्हणजे तिथे ती आधी नसणारच. ती गुपचूप जाऊन बसायची. खूण तिथे आहे हे वन्संनाही विसरायला झालं.

आता भावजयीचं ऐका. भाऊ फ्रिज दुरुस्त करायचा आणि बायकोला काही येत नाही असं त्याचं ठाम मत होतं. बायकोदेखत, पोरीदेखत, पाहुण्यांदेखत सांगायचा. वन्सं त्याच घरात राहायच्या. लग्न केलं नव्हतं. त्यांनीच एक दिवस भावाला दटावलं, "दिवसभर घरात कुजवतोस तिला. माझ्याकडे आकडे भरायला माणूस हवंय." हे श्रेय त्यांचं, ते काढून घ्यायचं नाही.

आणि भावजय कामाला वाघीण निघाली. डॉक्टरांनी छापून दिलेले तक्ते ती मात्रांच्या फाइलीत भरायची. ओळीखाली बोट ठेवून आकडा मोठ्याने वाचायची. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा खालून वर. शेजारचे वैतागायचे. तिला त्याचं काही नव्हतं. फाइलीच्या पहिल्या ओळीत, तयार करणाराच्या जागी, तिची आद्याक्षरं असायची, आणि तीन वर्षांत त्या दोन अक्षरांनी तिची पाठ सरळ केली होती. भावाने काही टोमणा मारलाच तर ती आता हसून म्हणायची, "हो का? बरं." पूर्वी रडायची.

त्या दोघींचं एक होतं. ऑफिसचा नियम असा, की फाइलीत काही बदललं तर लेखी कळवायचं. या दोघी नियम पाळायच्या नाहीत. एका घरात राहून मेल कसली पाठवायची? वन्सं फुशारकीने सांगायच्या, "आमची मीटिंग ओट्यापाशी होते." दुसरा नियम मात्र वन्संचा स्वतःचा. फाइल एकाच जागी राहील, दोघींच्या सामाईक फोल्डरात. त्याला त्या कपाट म्हणायच्या. आपापल्या मशीनवर प्रत ठेवायची नाही. दोन प्रती झाल्या की घोळ झालाच म्हणून समजा.

एका संध्याकाळी भावजय कांदा चिरत होती. म्हणाली, "वन्सं, मात्रा-बारामध्ये एक चूक सापडली. झटक्यांवरच्या औषधाची ओळ. पॉइंट एक घर सरकलाय. दहापट येतंय."

"बाई गं! कुणी केली?"

"माझ्या आधी जे होते ना, त्यांची आहे. नऊपासून चालत आलीय. मीही तशीच उचलली, माझंही लक्ष गेलं नाही. नशीब, ते औषध फारसं कुणी वापरत नाही. आज दुरुस्त करून टाकली मी, कपाटातच. फक्त एक विचारायचं होतं, नाव मात्रा-तेरा करू का?"

वन्संच्या कपाळाला आठी पडली. नाव बदलायचं म्हणजे यादी नव्याने बांधा, कागद बदला, अर्धा दिवस गेला. आणि शुक्रवारी तर गठ्ठा बाहेर पडायचा होता. "एका पॉइंटसाठी नाव कशाला बदलतेस? बाराच राहू दे. आतला आकडा बदललास ना? बास."

"लेखी कळवू?"

"कांदा चिरताना सांगितलंस, पोचलं मला. मेलबिल काही नको."

शुक्रवारी इन्स्टॉलर तयार झाला. तपासणाऱ्याने तो नेहमीप्रमाणे कोऱ्या मशीनवर चालवला. कोरं मशीन म्हणजे दर वेळी पुसून साफ केलेला कॉम्प्युटर, वर काही म्हणजे काही नाही. तिथे चारशे बारा फायली जागच्या जागी जाऊन बसल्या. त्याने मोजल्या, सही केली आणि मशीन पुन्हा पुसून टाकलं. आतले आकडे बघणं त्याचं काम नव्हतं. कोऱ्या मशीनवर जुनी मात्रा-बारा असणार कुठून? पण तीनशे दवाखान्यांत ती होती. इन्स्टॉलर तिथे गेला, मात्रा-बारा आहे असं त्याने बघितलं आणि सांगितल्याप्रमाणे तिला हात न लावता परतला. पडद्यावर आलं, 'पूर्ण झाले'.

अकरा दिवसांनी एका छोट्या दवाखान्यात आठ महिन्यांचं बाळ आणलं. झटके येत होते. नर्सने वजन टाकलं, औषध निवडलं, आकडा आला. दिला तेवढा डोस. बाळाचा श्वास थांबला. यंत्रावर ठेवलं, चार दिवसांनी श्वास आला. बाळ वाचलं. पण बसायला लागलेलं ते बाळ आता मान धरत नव्हतं.

ऑफिसात बातमी सकाळी अकराला आली. दवाखान्याने पडद्याचा फोटो आणि त्यांच्याकडची मात्रा-बारा पाठवली होती. साहेबांचा चेहरा पांढराफटक. "बारा वाजता सगळे माझ्या खोलीत. हा आकडा बाहेर गेलाच कसा, ते मला सांगायचं."

वन्संच्या मनात पहिलं आलं ते हे, की पण हिने तर दुरुस्त केला होता. दुसऱ्या क्षणी ती खूण आठवली. यादी उघडली. होती. आठ वर्षं तिथेच होती. 'असेल तर राहू दे.' आणि नाव बदलू नको म्हणून सांगणाऱ्याही आपणच.

उठून साहेबांकडे जायला वीस पावलं होती. माझी खूण, माझा आळस, हिची काही चूक नाही, एवढंच सांगायचं होतं. वन्सं उठल्यासुद्धा. मग त्यांच्या डोळ्यांसमोर ती तीस माणसं आली. भांडी घासा म्हणणारे साहेब आले. या वेळी भांडं नव्हतं, लेकरू होतं. ज्याचं नाव पुढे येईल त्याला दवाखान्याचा वकील सोलून काढणार, आणि पुन्हा या धंद्यात कुणी उभं करणार नाही, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. वन्सं खाली बसल्या.

कपाट उघडलं. मात्रा-बारा उघडली. ती ओळ काढली आणि पॉइंट होता तिथून एक घर परत सरकवला. मग गठ्ठा पुन्हा बांधला. गठ्ठा बांधताना आतल्या सगळ्या फायलींवर एकच तारीख, एकच वेळ मारायची अशी त्यांची पद्धत होती, नीटनेटकं दिसतं म्हणून. कपाटातल्या फायलींवरही तीच मारायच्या. तीच आज मारली, त्या शुक्रवारची. सर्व्हरवरचा आधीचा गठ्ठा काढून हा ठेवला. बारा वाजायला दहा मिनिटं कमी होती. हात थरथरले असतील असं वाटतं ना तुम्हाला? अहो, एकोणीस वर्षं ज्या हातांनी एक फाइल सांडली नाही, ते कसले थरथरतात!

साहेबांच्या खोलीत भावजय सरळ उभी राहिली. घाबरली नव्हती. बाळासाठी डोळे भरले होते तेवढेच. "साहेब, ही चूक मला सापडली होती. मी दुरुस्त केली. वन्संना सांगितलंही होतं."

सगळ्यांच्या माना वन्संकडे वळल्या.

"सापडली म्हणाली होतीस," वन्सं हळूच म्हणाल्या. "दुरुस्त करते म्हणाली होतीस."

"करते नाही, केली म्हटलं. आणि नाव बदलू का असंही—"

"कांदा चिरत होतीस गं. नीट आठव."

साहेबांनी कपाटातली फाइल भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावली. ओळ आली. पॉइंट चुकीच्या घरात, वर पहिल्या ओळीत हिची दोन अक्षरं. भावजय पुढे गेली. पडद्यावर आकड्याखाली बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचला. पुन्हा वाचला. "मी बदलला होता," ती म्हणाली, पण या वेळी ती सांगत नव्हती, विचारत होती.

साहेबांनी तासाभरात कागद तयार करवला. 'सदर आकडा माझ्या दुर्लक्षामुळे' वगैरे. वकिलाला एक नाव हवं होतं. भावजयीने वन्संकडे बघितलं. त्या खोलीत तिचं दुसरं होतं कोण? वन्संनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "सही कर. वाद घातलास तर आणखी खोलात जाशील. मी आहे ना."

तिने सही केली. गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. संध्याकाळपर्यंत वन्संनी योग्य आकड्याची मात्रा-तेरा घालून नवा इन्स्टॉलर तीनशे दवाखान्यांना पोचता केला, आणि त्या खुणा काढून टाकल्या, दवाखान्याच्या नोंदींपुढची एक सोडून. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "आज वन्सं होत्या म्हणून वाचलो." टाळ्या वाजल्या. खरंच वाजल्या.

घरी जाताना बसमध्ये भावजय खिडकीशी बसली होती. मध्येच वळून म्हणाली, "वन्सं, मी खरंच नाही बदलला? मला डोळ्यांसमोर दिसतोय हो सरकताना."

अजूनही वेळ गेली नव्हती. शेजारी बसलेल्या माणसाला खरं सांगायला काय लागतं?

"दमली होतीस," वन्सं म्हणाल्या. "मनात केलेलं कधी कधी केल्यासारखं वाटतं माणसाला."

याला म्हणतात केसाने गळा कापणं. आवाज नाही, रक्त नाही. ती बिचारी मान हलवून म्हणाली, "असेल."

घरी भावाने थयथयाट केला. "सांगत नव्हतो, हिला झेपायचं नाही? एका लेकराचं वाटोळं केलंस तू!" सात वर्षांची पोर दारात उभी राहून ऐकत होती. वन्संनी भावाला गप्प केलं. "असू दे रे. माणूस चुकतं." शेजारणींनी ते भिंतीआडून ऐकलं आणि म्हणाल्या, नणंद असावी तर अशी.

पुढच्या आठवड्यात भावजय कुणाला न सांगता त्या दवाखान्यात गेली. बाळाच्या आईला म्हणाली, आकडा माझा होता. आईने शिव्या दिल्या नाहीत, हात उगारला नाही. बाळ उचललं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. "धरा. मान सांभाळा, तो धरत नाही." तिने धरलं, आईने परत मागेपर्यंत. हे तिने फक्त वन्संना सांगितलं. ते ऐकून वन्संची झोप उडाली असं लिहायला मला आवडलं असतं. पण झोप लागली. चांगली लागली.

त्यानंतर भावजय बदलत गेली. गॅस बंद केला की तीनदा बघायची, मग हाक मारायची, "वन्सं, जरा बघता?" कुलूप लावलं की ओढायची, परत ओढायची, जिना उतरून परत चढायची. मीठ घातलं का ते आठवायचं नाही. दुपारी ऑफिसात फोन यायचा, "वन्सं, आज मंगळवारच ना?" पोरीच्या शाळेचा फॉर्म भरायला घेतला तर जन्मतारखेपाशी पेन थांबायचं. आपण बाळंत झालो तो दिवस! तोही तिने वन्संना विचारला.

सुरुवातीला वन्संना त्याचा त्रास व्हायचा. नजरेला नजर देववायची नाही. मग सवय झाली. मग, खरं सांगायचं तर, बरं वाटू लागलं. किल्ल्या त्यांच्याकडे आल्या, शाळेचे कागद त्यांच्याकडे आले, भाऊही प्रत्येक गोष्ट त्यांनाच विचारू लागला. सांगायचं राहून गेलेलं ते सांगायची आता गरजच काय, असं त्या मनाशी म्हणायच्या. आता सांगितलं तर हिला उलट जास्तच त्रास होईल. स्वतःची समजूत घालण्यात माणसाचा हात कुणी धरू शकत नाही.

वर्षभराने एका सुट्टीच्या दुपारी पोरीला ताप आला. डॉक्टरांनी औषध लिहून दिलं होतं, बाटलीवर मोठ्या अक्षरात छापलं होतं, पाच मिलिलिटर. भावजयीने झाकणात ओतलं. खिडकीशी नेऊन उजेडात धरलं. वन्सं दारातून बघत होत्या. पाचच्या रेघेला बरोबर टेकलेलं होतं, थेंब इकडे नाही की तिकडे नाही.

"वन्सं, पाच ना?"

वन्सं काही बोलायच्या आत पोर अंथरुणात उठून बसली. "आई, तू नको देऊस. तुझं चुकतं. आत्या, तू दे."

भावजयीला वाईट वाटलं नाही. तिने मान हलवली. "बरोबर बोलतेय ती," म्हणाली, आणि झाकणातलं औषध जपून बाटलीत परत ओतलं. बाटली आणि झाकण वन्संच्या हातात दिलं.

वन्संनी पाच ओतलं. पोरीने ते एका घोटात संपवलं.

"बघितलंस?" भावजय लेकीचं तोंड पुसत म्हणाली. "असं नीट बघून द्यायचं असतं. आत्यासारखी हो तू. माझ्यासारखी होऊ नकोस."